बालाघाटातील मोटार

मोटारीविषयी लिहिणारे बहुधा मुंबई-पुण्याचे रहिवासी असल्यामुळे त्यांच्या लेखणीतून उतरणाऱ्या मोटारीला गुळगुळीत डांबरी रस्ता, हाकेच्या अंतरावरचा पेट्रोलपंप आणि रविवारची फुरसत या तीन गोष्टी जन्मतःच लाभलेल्या असतात. बीड जिल्ह्यात जी मोटार आली तिला यांपैकी एकही लाभली नाही. आणि म्हणूनच मोटार कशी निवडावी, कशी हाकावी व कशी राखावी, याचे शिक्षण ज्याला घ्यावयाचे असेल त्याला ते या जिल्ह्याच्या इतिहासात अधिक चोख मिळेल, असे माझे मत आहे.

या इतिहासाचे मूळ कारण भूगोलात आहे. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस मांजरा आणि मधून बालाघाटची रांग अशी या मुलखाची रचना असून, गेवराई-माजलगावची काळीभोर सखल जमीन एकीकडे आणि पाटोदा-आष्टीचे खडकाळ पठार दुसरीकडे, असे दोन स्वभाव एकाच जिल्ह्यात नांदतात. पहिल्यात पावसाळ्यात चाक रुतते, दुसऱ्यात बारमाही झिजते. आगगाडी आली ती पूर्वेच्या कडेला परळी वैजनाथापर्यंत. खुद्द बीड शहराने अगदी अलीकडेपर्यंत रूळ पाहिला नव्हता, आणि जेथे रूळ नाही तेथे मोटार ही चैन राहत नाही.

तरीही आरंभी ती चैनच होती, किंबहुना अंमलदारीचे चिन्ह होती. हा जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्या दरबारची मोटारींविषयीची कल्पना काय होती हे सांगण्यास एक उदाहरण पुरे: सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली, आत सिंहासनवजा आसन असलेली रोल्स रॉइस १९१२ च्या सुमारास तयार झाली, तोवर मागविणारा १९११ मध्येच निवर्तला होता, आणि गाडी पुढे कित्येक वर्षे जवळजवळ न धावताच मोटारखान्यात उभी राहिली. जिल्ह्याच्या पातळीवर मोटार म्हणजे अव्वल तालुकदाराचा (जिल्हाधिकाऱ्याचा) दौरा, आणि दौरा म्हणजे पटेल-पटवाऱ्यांच्या माथी बसणारी सरबराई. रयतेने मोटार प्रथम पाहिली ती अशी, धुरळ्याआडून, मुजरा करताना. खाजगी माणसाने मोटार घ्यावी तर मार्गात दोन अडसर होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवर्लेट गाड्यांची जुळणी सुरू केली खरी, पण ती गाडी अहमदनगरवरून आष्टीच्या शिवेत आणावयाची म्हणजे परराज्यातूनच आणावयाची, आणि त्या शिवेवर करोडगिरीचा नाका होता, जेथे मालाच्या किमतीवर शेकडा पाच जकात पडे. शिवाय मुंबईचा व्यापारी ब्रिटिशांचा कलदार रुपया मागणार, आणि खरेदीदाराच्या तिजोरीत निजामाचा हाली सिक्का. शंभर कलदारासाठी सुमारे एकशे सोळा हाली मोजावे लागत. ज्याला आज आपण गाडीची ‘ऑन रोड’ किंमत म्हणतो तिचा जाच निजामाच्या रयतेने आपल्या आधीच भोगला होता.

सामान्य माणूस मोटारीत बसला तो सरकारी बसमुळे. निजामाच्या रेल्वेने १५ जून १९३२ रोजी आपले मार्ग-परिवहन खाते उघडले, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. खाजगी कंपन्यांवर न विसंबता संस्थानाने स्वतः बस चालवावी, ही कल्पना त्या काळी हिंदुस्थानात नवी होती, आणि या बाबतीत निजामाच्या दप्तराला श्रेय दिलेच पाहिजे. शेजारच्या ब्रिटिश मुलखाच्या वारसदारांची एस. टी. नगरहून पुण्यास प्रथम धावली ती १ जून १९४८ रोजी. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थानच शरण आले.

संस्थान गेले, पण मोटार सुलभ झाली असे मात्र झाले नाही. परदेशी गाड्यांचे दरवाजे सरकारी धोरणाने बंद झाले आणि उरल्या मुख्यतः दोन: उत्तरपाऱ्याची ॲम्बेसेडर आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कारखान्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहणे, हा त्या काळच्या खरेदीचा मुख्य विधी. फियाट डौलदार, सुकाणूच्या दांड्याला गिअर असलेली, शहरातल्या डॉक्टराला शोभणारी. पण तिचा तळ खडीच्या रस्त्यावर लवकर रडकुंडीस येई, तर ॲम्बेसेडर जड, सुस्त व पेट्रोल पिणारी असूनही कमानींच्या जोरावर सहा माणसे आणि वर टपावर वळकट्या घेऊन पाटोद्याला पोचत असे. मी स्वतः फियाटचा चाहता आहे. पण बीडच्या आडत्यांनी आणि वकिलांनी ॲम्बेसेडरला दिलेला कौल चुकीचा होता असे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही.

रस्त्यांचे काय झाले तेही येथे सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील हजारो स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले आणि रस्त्यांची मातीकामे केली. पोटासाठी उन्हात बसून ज्यांनी दगडाचे तुकडे केले, त्यांपैकी बहुतेकांच्या दाराशी त्या रस्त्यावरून धावणारी गाडी आयुष्यात उभी राहिली नाही. आणि आज ताशी शंभराच्या वेगाने त्याच वाटेने जाणाऱ्याला खड्ड्याचा राग येतो, तेव्हा त्याने पायाखालच्या थराचाही थोडा विचार करावयास हरकत नाही.

या जिल्ह्याची खरी मोटार मात्र जीप. महिंद्रांनी विलीसच्या परवान्यावर बांधलेली ही गाडी सरकारी खात्यांच्या दिमतीला आली, निवडणुकांत कर्णे लावून फिरली, आणि लिलावात निघून खाजगी मालकांच्या हाती पडली. पुढे प्यूजोच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन तिला मिळाले, तेव्हा तिने मुलूखच जिंकला. ऊसतोडीच्या मजुरांची टोळी बांधणारा मुकादम कारखान्याकडून उचल घेतो आणि ती वाडी-तांड्यांवर कोयत्यागणिक, म्हणजे जोडप्यागणिक, वाटतो. त्याचा सारा धंदा माणसे गाठण्यावर चाललेला असल्याने, डांबर संपते तेथून पुढेही जाणारे वाहन ही त्याची गरज होती. एस. टी.ची वेळ चुकलेल्यांना भाड्याच्या काळी-पिवळी जीपने उचलले. नऊ जणांच्या परवान्याच्या जीपमध्ये पंधरा माणसे, पायरीवर दोघे, आणि चालक स्वतः निम्मा बाहेर, हे दृश्य कायद्याच्या दृष्टीने दंडनीय आणि जिवाच्या दृष्टीने भयानक होते, यात संशय नाही. तथापि आजाऱ्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात आणि पोराला परीक्षेला पोचविणारेही तेच होते. आणि जीप दुरुस्त कोठेही होई. बॉनेट उघडले की सारे यंत्र डोळ्यांसमोर, हाताला लागेल असे. पान्ह्यांचा एक संच, थोडी तार आणि अनुभवी मिस्त्री, एवढ्यावर ती पुन्हा चालू लागे. आजच्या गाडीत एक दिवा लागला की तिला औरंगाबाद किंवा नगर गाठावे लागते, याला प्रगती म्हणावे की परावलंबन, हे ज्याने त्याने ठरवावे. माझा कल उघड आहे.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीने शिक्षक आणि छोटा व्यापारी यांना हळूहळू मोटारमालक केले, आणि फायनान्स कंपन्यांनी उरलेल्यांना. येथपासून गाडीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. पांढरी शुभ्र, उंच, काळ्या काचांची गाडी आणि तिच्या पाटीवर ‘दादा’ वाचता यावे असे रेखाटलेले ४१४१, हा नव्या अंमलदारीचा थाट पाहिला की अव्वल तालुकदाराचा दौरा आठवल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की त्याची गाडी दौलतीच्या खर्चाने चाले, हिचा हप्ता शेत गहाण टाकून भरला जातो. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवणारे हात प्रवासात पट्टा बांधावयास मात्र विसरतात. या जिल्ह्याने आपले दोन नेते मोटार-अपघातांत गमावले: ३ जून २०१४ रोजी दिल्लीच्या रस्त्यावर मोटारीच्या मागच्या आसनावर बसलेले गोपीनाथ मुंडे, आणि १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे. याहून मोठी ताकीद कोणती हवी?

नगरकडून येणारी आगगाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पोचली. त्यामुळे मोटारीची गरज ओसरेल असे मला वाटत नाही, पण जी घ्यावयाची ती निवडून घेण्याइतकी सवड आता मिळाली आहे. तेव्हा नवी गाडी घेऊ पाहणाऱ्या माझ्या जिल्हाबंधूंना एवढीच विनंती की, शोरूमच्या दिव्याखाली सही करण्यापूर्वी घरची पाच माणसे व त्यांचे सामान भरून गाडी मांजरसुंब्याच्या घाटात चढवून पाहावी, आणि तिचा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो की नाही याची चौकशी करावी. या दोन परीक्षांत जी उतरणार नाही ती, कितीही देखणी असो, परत करावी.