एकसरचे वीरगळ

गळ म्हणजे मासे धरायचा, असंच कुणालाही वाटेल. त्यातून बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांवर गलबतं कोरलेली, म्हणजे गैरसमजाला पुरावाही हाताशी! पण हा गळ कानडी आहे. कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, मराठीत वीरगळ. सतीगळ, गधेगळ ही त्याच घरातली भावंडं.

शब्द कानडी असला तरी मेलेल्यासाठी दगड मांडायची चाल त्याहून फार जुनी. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत: मोठ्या धोंड्यांचं रिंगण आणि आत पुरलेला माणूस. विदर्भातली ही दफनं लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. काही अभ्यासक वीरगळाचं मूळ अशाच महापाषाणांत शोधतात. नातं थेट असो वा नसो, एक फरक मोठा आहे. रिंगणातला धोंडा मुका आहे, वीरगळ गोष्ट सांगतो.

ती वाचायची खालून वर. तळाशी लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. माथ्यावर बहुधा चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो.

एकसरला तळाशी नुसती ढालतलवार नाही. डोलकाठ्यांची, एका ओळीत वल्ही असलेली गलबतं एकमेकांवर चाल करून जाताहेत. इतर शिळांवर जमिनीवरची लढाई, हत्तींसकट. माथ्यावर कलश. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात तळ्याकाठच्या आमराईत अशा सहा शिळांची रांग नोंदली आहे. आता त्याच एकसरला मेट्रोचं स्थानक आहे. आमराईचं काय झालं ते बोरिवलीकरांना सांगायला नको.

लढाई कुणाची? बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात ते उत्तर कोकणच्या शेवटच्या शिलाहार राजाकडे, सोमेश्वराकडे. सुमारे १२६५मध्ये देवगिरीच्या महादेव यादवानं त्याचा पाठलाग समुद्रापर्यंत केला आणि सोमेश्वर बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो, की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला. जिंकणाऱ्याच्या मंत्र्यानं केलेली ही थट्टा. हरलेल्यांच्या बाजूनं काही उरलं असेल तर ते या दगडांत. अर्थात हा तर्क आहे. शिळा आणखी दोन शतकं मागेही नेल्या जातात.

गावानं त्या वादात वेळ घालवला नाही. राजा कोण, वीर कोण, हे विसरलं गेलं आणि दगड देव झाला. हार आला, रंग आला. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला रंग बघून कळवळा येतो, आणि तो खराच आहे: थरावर थर चढले की वल्ह्यांसारखं बारीक काम आधी बुजतं. मला मात्र गावोगावचे दुसरे वीरगळही आठवतात, ज्यांना कुणी देव मानलं नाही. ते पायरीला लागले, कुणाच्या भिंतीत गेले, विहिरीवर त्यांच्या पाठीवर धुणं आपटलं गेलं. बोरिवलीत, जिथं फूटभर जागेसाठी माणसं कोर्टात जातात, तिथं नाव नसलेल्या मृतांना उभं राहायला जागा मिळाली ती ताम्रपटामुळे नव्हे, हळदकुंकवामुळे.

आणि हे एकसरपुरतं नाही. देव्हाऱ्यातल्या टाकांत कित्येक घरी एक वीर असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीर वाजतगाजत मिरवले जातात. घरातला तो वीर कुठल्या लढाईत पडला, हे आजीला विचारावं, तर ती म्हणते, आधी नैवेद्य दाखव.