नाव बदललं की बंदी संपली

आमच्या नळदुर्गातून सोलापूर साधारण ४५ किलोमीटर. १९३८ साली या रस्त्यावर सरहद्द होती. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं. माझी पीएच.डी. जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदाच्या रसायनशास्त्रावर आहे, तेव्हा लोक विचारतात, यात इतिहास कुठून आला? या सरहद्दीवरून आला.

हैदराबाद संस्थानात वर्तमानपत्र काढायला सरकारची परवानगी लागे. सरकारवर टीका करणाऱ्याला ती कोण देणार? म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १० फेब्रुवारी १९३८ रोजी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं ते थेट पुण्यात. निजामाचा हुकूम तिथल्या छापखान्यावर चालत नव्हता. मग संस्थानात अंक आणायलाच बंदी झाली. पण हुकूम निघतो नावावर. वाघमाऱ्यांनी नाव बदललं: 'नागरिक', 'संजीवनी', अशी एकामागून एक. प्रत्येक नावाला पुन्हा नवा हुकूम काढणं आलं! मला या खेळाची गंमत वाटते, पण अंक जवळ बाळगणाऱ्याला ती वाटत नसणार.

परदेशातून निघणाऱ्या गुप्त पत्रांत जगभर नाव होतं ते रशियन क्रांतिकारकांच्या 'इस्क्रा'चं, म्हणजे 'ठिणगी'चं. डिसेंबर १९०० मध्ये पहिला अंक लाइपझिगला छापला, पुढे म्युनिक, लंडन, जिनिव्हा. गावं बदलली, नाव नाही. झारच्या राज्यात ते कोणत्याही नावानं बेकायदाच ठरलं असतं. दुहेरी तळाच्या पेट्यांतून चोरूनच न्यायचं, मग नाव कशाला लपवा? उलट त्या नावालाच इतकी किंमत आली की १९०३ साली पक्ष फुटला तेव्हा भांडण संपादक मंडळावरून पेटलं. लेनिन बाहेर पडले आणि पत्र मेन्शेविकांकडे गेलं, त्याच नावानं. आपल्याकडे नाव म्हणजे पांघरूण होतं, फाटलं की दुसरं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात आली, १७ तारखेला निजाम शरण आला. पुढे 'मराठवाडा' औरंगाबादहून, आपल्या मूळ नावानं निघू लागला.

आता माझी अडचण. ग्रंथालयं वर्तमानपत्रं नावानुसार लावतात. म्हणजे एकच पत्र वेगवेगळ्या कपाटांत विखुरतं, आणि 'मराठवाडा' मागणाऱ्याला 'संजीवनी' कुणी काढून देत नाही. त्यात वर्तमानपत्राचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा-उजेडानं पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटत जातात. कागद आधी घडीवर आणि कडेला मोडतो. नाव आणि तारीख छापलेली असते नेमकी वरच्या कडेजवळ. ती गेली की हाती उरतं एक निनावी पान.

तेव्हा घरच्या माळ्यावर, ट्रंकेत जुना गठ्ठा सापडला तर नुसतं वरचं नाव बघून बाजूला टाकू नका. शेवटच्या पानाच्या तळाशी संपादक-प्रकाशकाची बारीक ओळ शोधा. आणि कृपा करून फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद आम्हाला नंतर फार छळतो.