कोठार आणि किल्ली

पाटण्यास बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबास जी वास्तू पहिल्या काही दिवसांतच हमखास दाखविली जाते, ती म्हणजे गोलघर. सुमारे 29 मीटर उंचीचा हा घुमट. बाहेरून दोन बाजूंनी वळत वर गेलेल्या पायऱ्या. मुले पायऱ्या मोजतात, वडीलधारी मंडळी माथ्यावरून गंगेचे पात्र पाहतात आणि सर्वजण खाली उतरतात. तेथील शिलालेख मात्र फारसा कोणी वाचीत नाही. आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांनी तरी तो वाचावयास हवा. कारण तो एक सरकारी कागदच आहे, फक्त दगडावर लिहिलेला.

1769–70 च्या दुष्काळाने बंगाल आणि बिहार उद्ध्वस्त झाले. एक तृतीयांश लोक दगावले असावेत, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये विलायतेस कळविला होता. पुढे 1783 मध्ये उत्तर हिंदुस्थानात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा 20 जानेवारी 1784 रोजी गव्हर्नर जनरल व त्याच्या कौन्सिलने दुष्काळाच्या कायमच्या निवारणाची योजना मंजूर केली. तिच्या अन्वये कॅप्टन जॉन गार्स्टिन या इंजिनियराने 20 जुलै 1786 रोजी हे कोठार पुरे केले. शिलालेखात त्यास ‘क्रमांक 1’ म्हटले आहे. शेवटी, कोठार प्रथम कोणी भरले व समारंभपूर्वक बंद केले, त्या नावासाठी जागा सोडली आहे. ती जागा कोरीच राहिली. कोठार काठोकाठ कधी भरले नाही आणि योजनाही पुढे सरकली नाही.

गोलघराची दारे आत उघडतात, मग भरलेल्या कोठारात ती उघडावयाची कशी, अशी थट्टा पाटण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. थट्टेत मर्म आहे. धान्य आत कसे घालावयाचे याचा विचार पायऱ्यांपासून माथ्यावरील छिद्रापर्यंत बारकाईने झाला होता. ते कोणास, केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने द्यावयाचे, याविषयी शिलालेख मौन धरतो.

याच भूमीत त्यापूर्वी दोन हजार वर्षे हा प्रश्न विचारला गेला होता, हे विशेष. गोरखपूर जिल्ह्यातील सोहगौरा येथे एक चिमुकला ताम्रपट सापडला. सामान्यतः तो मौर्यकाळातला मानतात. श्रावस्तीच्या महामात्रांची ती आज्ञा आहे. दोन कोष्ठागारांतील साठा निकडीच्या वेळी वापरावा, असा तिचा आशय. 1931 मध्ये महास्थान येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मिळालेला ब्राह्मी लेख याहूनही बोलका आहे. संकटात प्रजेला धान्य द्यावे, आणि सुबत्ता परतली की कोठार व कोश पुन्हा भरावेत, असे तो सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोष्ठागारातील निम्मा साठा जनपदाच्या आपत्तीसाठी राखावा, निम्मा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे धान्य भरीत जावे, असा दंडक आहे. साठविणे, देणे आणि पुन्हा भरणे ही तिन्ही कामे मिळूनच कोठार होते, हे या लोकांनी ओळखले होते. त्यांतले एक गळाले की उरते ती केवळ इमारत.

आता आपल्या घरची कथा पाहू. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बेदरच्या बादशहाचे अंमलदार. म्हणजे आपल्याच पेशाचे. दुष्काळात माणसे दारी आली, तेव्हा त्यांनी वरचा हुकूम नसताना सरकारी कोठारे खुली केली. परंपरा सांगते की, विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरास गेला, धान्याची पुरी किंमत त्याने भरली आणि पावती घेतली. देवानेही बादशहाकडे माफी मागितली नाही. हिशेब चुकता केला. महास्थानच्या लेखात जे काम नियम करतो, ते येथे देवाला करावे लागले. नियम नसला की चांगल्या अंमलदारास चमत्कारावाचून तरणोपाय नसतो!

आमच्या पिढीनेही हे पाहिले आहे. 1965 मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि देशाजवळ खरीखुरी कोठारे आली. तरीही 2001 मध्ये गोदामे ओसंडत असता लोक उपाशी आहेत, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावी लागली. शाळांतील शिजवलेल्या मध्यान्ह भोजनाचा आदेश त्याच खटल्यात निघाला. 2020 च्या टाळेबंदीत सरकारने मोफत धान्य जाहीर केले. पण ज्यांची शिधापत्रिका गावी आणि पोट परगावी, अशा असंख्य मजुरांना ते मिळविणे दुर्घट झाले. धान्य होते, हुकूमही होता. अडला होता तो कागद. बदलीच्या गावी शिधापत्रिकेसाठी खेटे घातलेल्या आमच्या वाचकांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

म्हणून संकटकाळासाठी किती साठविले, एवढ्यावर आम्ही समाधान मानू नये. किल्ली कोणाकडे आहे, ती कोणत्या नियमाने फिरते, आणि दाराशी आलेल्या माणसाचे नाव यादीत नसेल तर काय करावयाचे, हे सुबत्तेच्या दिवसांतच लिहून ठेवावे लागते. ते लिहिणारे हात बहुधा आपल्यासारख्यांचेच असतात.