पैनगंगेकांठचा पालक आणि कॉलेजची वाट

मुलाला कॉलेजांत धाडणें हा आज आमच्या सुशिक्षित घरांतील एक ठरलेला संस्कारच झाला आहे. बारावीचा निकाल लागला, कीं दाखले, प्रवेशपत्रें, शुल्क आणि वसतिगृह यांवांचून घरांत दुसरा विषय नसतो. आणि तीं सगळीं कामें उरकलीं, कीं मुलाची पूर्वतयारी झाली असें समजून आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. ही तयारी म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्याकडे विद्यापीठांचे इतिहास आहेत. त्यांत कुलगुरु येतात, कायदे येतात, कोनशिला बसविण्याचे समारंभ येतात. परंतु ज्या बापानें दारचा बैल विकला आणि ज्या आईनें हातांतील पाटल्या मोडल्या, त्यांच्या वांट्यास या इतिहासांत एक ओळहि येत नाहीं. ती उणीव थोडीशी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आणि त्यासाठीं आम्ही वाचकांस पुण्या-मुंबईस न नेतां नांदेड जिल्ह्याच्या अगदीं कडेला, किनवटास नेणार आहों.

किनवटच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर भूगोलांत आहे. हें गांव पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. आज नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आहे, आणि दोन्ही तीर एकाच महाराष्ट्राचे आहेत. निजामी अमदानींत मात्र ही नदी दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड, अलीकडे हैदराबाद संस्थान. किनवट तालुका त्या वेळीं आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे; इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. मराठी, तेलुगु, गोंडी, कोलामी, बंजारा अशा नाना बोली एकाच आठवडी बाजारांत येथें कानीं पडत आल्या आहेत. म्हणजे हें गांव राज्यांच्या सीमेवर होतें, तसेंच भाषांच्याहि सीमेवर होतें. अशा गांवच्या बापाला मुलाच्या शिक्षणाचा विचार करतांना आधीं वाट निवडावी लागे, आणि ती निवड साधी नव्हती.

पहिला पेंच भाषेचा. संस्थानची राजभाषा उर्दू. घरीं मराठी बोलणारा मुलगा वरच्या वर्गांत गेला, कीं गणित, इतिहास, भूगोल हीं सर्व त्याला उर्दूंतून शिकावीं लागत. इ. स. १९१८ मध्यें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. कला आणि विज्ञान तर राहोंतच, पण पुढें वैद्यक व स्थापत्यशास्त्रहि तेथें उर्दूंतूनच शिकविलें जाई. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून पाश्चात्त्य शास्त्रांवरील ग्रंथ उर्दूंत उतरविण्यांत आले. हा प्रयोग सामान्य नव्हता, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देतां येतें, हें त्यानें सिद्ध केलें. योगायोग असा, कीं दोनच वर्षें आधीं, १९१६ मध्यें, महर्षि कर्व्यांनीं महिला विद्यापीठ काढून मातृभाषेच्या माध्यमाचा तोच प्रयोग हिंगण्यास आरंभिला होता. दोघांचेंहि तत्त्व एकच. परंतु त्याचा परिणाम मात्र अगदीं उलट झाला. कर्व्यांच्या संस्थेंत मुलगी आपल्या आईच्या भाषेंत शिके. उस्मानियांत मराठवाड्याचा, तेलंगणाचा आणि कर्नाटकाचा विद्यार्थी ज्या ‘देशी’ भाषेंत शिके, ती बहुधा त्याच्या आईची नसे. देशी भाषा देशांतील सर्वांची असते असें नव्हे, हा धडा येथें मिळतो, आणि तो आजहि जुना झालेला नाहीं.

हैदराबादेंतच दुसरी वाट होती ती निजाम कॉलेजची. हें कॉलेज १८८७ मधलें, मद्रास विद्यापीठास जोडलेलें आणि इंग्रजी माध्यमाचें. तिसरी वाट औरंगाबादची. तेथें १९२३ मध्यें इंटरमीजिएट कॉलेज निघालें. आणि चौथी वाट म्हणजे सरहद्द ओलांडून पुण्यास किंवा नागपुरास जाण्याची. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी तर थेट उत्तर हिंदुस्थानांत जाऊन पदवीधर झाले. हीच सरहद्द ओलांडणारी वाट अनेक मराठी पालकांना आपली वाटे, कारण तेथें मुलाला आपल्या भाषेची सोबत मिळे. परंतु आपली वाट ही स्वस्त वाट नव्हती.

दुसरा पेंच पैशाचा होता. आजच्या वाचकांस कल्पना येणार नाहीं, पण त्या काळीं पुण्यास पैसे पाठवावयाचे म्हणजे नाणें बदलावें लागे. संस्थानचा रुपया ‘हाली’, इंग्रजी मुलखांतला ‘कलदार’. साधारणपणें सात हालीला सहा कलदार असा भाव पडे. म्हणजे मुलाला महिन्याला तीस कलदार हवे असतील, तर बापानें पस्तीस हाली मोजावे. मुलगा आपल्याच भाषेच्या मुलखांत गेला, म्हणून प्रत्येक तीस रुपयांमागें पांच रुपयांची ही जादा मोजदाद! शेतकऱ्याच्या घरीं पैसा येणार तो सुगीनंतर, आणि फीची मुदत कांहीं सुगीची वाट पाहत नाहीं. तेव्हां मधल्या महिन्यांत सावकाराची पायरी चढणें आलेंच.

राहण्या-जेवण्याची सोय हा तिसरा पेंच. वसतिगृहांची जागा तेव्हां नात्यागोत्यानें भरून काढलेली असे. कोणाची मावशी पुण्यास, कोणाचा चुलता हैदराबादच्या कचेरींत. ज्याला असें कोणी नाहीं, तो वार लावून जेवी. सोमवारीं एकाच्या घरीं, मंगळवारीं दुसऱ्याच्या. या वारकऱ्यांच्या पहिल्या घरांची यादी बहुधा बापानेंच गांवांतून पत्रें लिहून जुळवून दिलेली असे. ट्रंक, वळकटी, भाजणीचा डबा आणि चार पत्रें, एवढी त्या काळची शिदोरी. परंतु वार लावून जेवण्याची ही सोय जातीच्या भिंतींतलीच होती, हें विसरतां कामा नये. ज्या जातींना कोणाच्या पंक्तीला बसण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना गांवाबाहेरचें कॉलेज म्हणजे उपाशी राहण्याचेंच आमंत्रण. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढण्यास आरंभ केला, त्याचें खरें मोल येथें समजतें. वसतिगृह ही शिक्षणाची पुरवणी नव्हे. ज्याला शहरांत नातलग नाहीं, त्याचें तें नातलग आहे.

चौथा पेंच मात्र पैशानें सुटणारा नव्हता. इ. स. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या व हैदराबादच्या विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांतील प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनीं बंदी घातली, विद्यार्थ्यांनीं ती मोडली, आणि शेंकडों मुलांना कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट मुलांच्या शौर्याची म्हणून येते, आणि ती तशी आहेहि. पण क्षणभर त्या मुलांच्या घरीं जाऊन पहा. ज्या मुलासाठीं पांच वर्षें पोटाला चिमटा घेतला, तो मुलगा वळकटी घेऊन दारांत उभा आहे. बाप सरकारी नोकर असेल, तर त्याच्या नोकरीवर डोळा. शेतकरी असेल, तर सावकाराचें देणें डोक्यावर. ‘हट्ट सोड, परत वर्गांत जाऊन बस,’ असें म्हणणें बापाला किती सोपें होतें! आणि असें म्हणणाऱ्या बापाला आम्ही दोष देणार नाहीं. परंतु ज्यांनीं तसें म्हटलें नाहीं, ज्यांनीं पुन्हां एकदां पैसे जमविले आणि मुलाला आणखी दूर धाडलें, त्यांच्या त्या मौनाचीहि स्वातंत्र्याच्या इतिहासांत कोठें तरी नोंद व्हावयास हवी.

या मुलांना दार उघडलें तें नागपूर विद्यापीठानें. त्या वेळचे कुलगुरु टी. जे. केदार यांनीं त्यांना प्रवेश दिला, आणि एका पिढीचें शिक्षण वांचलें. त्यांतलाच एक तेलुगु विद्यार्थी नागपुरास व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकला, मराठींत इतका रमला कीं पुढें हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यानें तेलुगूंत नेली, आणि १९९१ मध्यें तो देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह राव यांचें हें उदाहरण आम्ही देतों तें पंतप्रधानपदासाठीं नव्हे. एक दार बंद झालें असतां मुलगा परक्या भाषेच्या गांवींहि रुजूं शकतो, हें त्यावरून दिसतें, म्हणून.

संस्थान १९४८ च्या सप्टेंबरांत भारतांत विलीन झालें आणि चित्र पालटलें. इ. स. १९५० मध्यें स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. त्याच वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, कॉलेज काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. दोन्ही संस्थांच्या नांवांत ‘लोक’ आहेत, हें अर्थपूर्ण आहे. १९५८ मध्यें मराठवाडा विद्यापीठ झालें आणि १९९४ मध्यें नांदेडास स्वामीजींच्याच नांवाचें विद्यापीठ. ज्या प्रदेशांतून मुलें सरहद्द ओलांडून जात, तेथें लातुरास आतां बाहेरचीं मुलें प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं येऊन राहतात. हाली रुपया गेला, कलदारहि गेला. किनवटाहून रेल्वेनें मुदखेडास उतरावें आणि नांदेड गांठावें. सरहद्द मध्यें येत नाहीं.

तर मग सगळे पेंच सुटले काय? येथें आम्हांस किनवटच्या डोंगरांतील दुसऱ्या पालकाकडे वळलें पाहिजे, ज्याचा उल्लेख वरील कथेंत आला नाहीं. आदिलाबादच्या अरण्यांत कोमराम भीम यांचा उठाव १९४० मध्यें चिरडला गेल्यावर निजाम सरकारास गोंडांची दखल घेणें भाग पडलें. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानें १९४३ मध्यें त्याच जिल्ह्यांतील मार्लवाई गांवीं गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र उघडलें, आणि गोंडी भाषेचीं पहिलीं वाचनपुस्तकें देवनागरी लिपींत छापलीं गेलीं. पुढें सेतुमाधवराव पगड्यांनींहि गोंडी आणि कोलामी या भाषांचीं व्याकरणें लिहिलीं. मूल आईच्या भाषेंतून अक्षराकडे जावें, हें तत्त्व उर्दूच्या राज्यांत, अरण्याच्या एका कोपऱ्यांत कां होईना, मान्य झालें होतें.

आज किनवटच्या पाड्यावरील कोलामाची मुलगी घरीं कोलामी बोलते, आश्रमशाळेंत मराठी शिकते आणि कॉलेजांत गेली, कीं इंग्रजी ग्रंथापुढें बसते. तिच्या बापाला मराठी अर्जहि वाचतां येत नाहीं, मग जातवैधतेचें प्रमाणपत्र कोठून आणि कसें मिळवावें, हें त्याला कोण सांगणार? शंभर वर्षांपूर्वीं उर्दू न येणारा मराठी बाप जेथें उभा होता, अगदीं तेथेंच हा बाप उभा आहे. फरक इतकाच, कीं आतां पलीकडच्या बाजूस आम्ही आहों. आमची मराठी, जी एके काळीं दाराबाहेर उभी होती, ती त्याच्यापुढें दार होऊन उभी आहे. तें दार उघडें ठेवावयाचें कीं नाहीं, हें आमच्या हातांत आहे.

इतिहासानें दिलेलें उत्तर आम्हांस असें दिसतें. मुलाची पुस्तकें वाचतां न येणाऱ्या पालकांनींच या प्रदेशांत दोन पिढ्या पदवीधर केल्या. त्यांनीं मुलाचा अभ्यास घेतला नाहीं. तो त्यांना घेतांच येत नव्हता. त्यांनीं वाट निवडतांना मुलाची भाषा विचारांत घेतली, परक्या गांवीं त्याच्यासाठीं चार ओळखीचीं दारें जुळविलीं, आणि कसोटीच्या वेळीं त्याचा निर्णय त्याच्यावर सोंपविला. आजचा सुशिक्षित पालक याच्या नेमका उलट वागतो. मुलाचा अर्ज तोच भरतो, शाखा तोच निवडतो, आणि निर्णयाची संवय मात्र मुलाला लागूं देत नाहीं. मग पहिल्याच सहामाहींत मुलगा खचला, म्हणजे दोष कॉलेजास.

आमची सूचना साधी आहे. आपल्या मुलाची तयारी करतांना जून महिन्यांतील एक दिवस शेजारच्या अशा एखाद्या मुलासाठीं राखून ठेवावा, ज्याच्या घरीं अर्ज वाचणारें कोणी नाहीं. त्याचे कागद पाहून द्यावेत, शहरांतल्या दोन ओळखींना पत्र लिहून द्यावें. वार लावून जेवणाऱ्या मुलांना ज्या घरांनीं जेवूं घातलें, त्यांचें तें ऋण आहे. आणि यंदा पंक्तीला सर्वांना बसवितां येईल.