विद्यापीठाची जागा

बोरी अरब हें यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हे तालुक्यांतील गांव. त्या भागांतील मुलाचें विद्यापीठ कोणतें, या साध्या प्रश्नाला गेल्या सव्वाशें वर्षांत निरनिराळीं उत्तरें मिळालीं आहेत. नागपुरास मॉरिस किंवा हिस्लॉप महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी प्रथम कलकत्ता विद्यापीठाचा असे. १९०४ च्या कायद्यानंतर तो अलाहाबादचा झाला. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ निघालें, आणि १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ होऊन यवतमाळ जिल्हा त्याच्या कक्षेंत गेला. याच जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक बापूजी अणे मॉरिस महाविद्यालयांत शिकले; पदवी मात्र त्यांना कलकत्त्याची मिळाली.

याचें कारण त्या काळच्या विद्यापीठाच्या कल्पनेंतच आहे. १८५७ त मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें स्थापन झालेलीं विद्यापीठें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेणारीं होतीं. शिकविणें हें महाविद्यालयांचें काम; विद्यापीठाला लागे तें एक कार्यालय आणि पदवीदानापुरतें सभागृह. पण मुंबईनें या सभागृहाला शहरांतील उत्तमांतील उत्तम जागा दिली. गव्हर्नर फ्रियर यांच्या कारकीर्दींत जुन्या किल्ल्याचे तट पाडण्यांत आले, आणि समुद्राकडे तोंड करून इमारतींची जी नवी ओळ उभी राहिली, तींत सचिवालय व हायकोर्ट यांच्या मध्यें विद्यापीठ बसलें. नकाशे लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटनें काढले. तो स्वतः मुंबईस कधींच आला नाहीं! सभागृह १८७४ त व राजाबाई मनोरा १८७८ त पुरा झाला. मनोरा व ग्रंथालय यांसाठीं प्रेमचंद रायचंद यांनीं चार लक्ष रुपये दिले होते. अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाला जो भाव आणला, त्यानें मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या थैल्या भरल्या. आणि त्या बाजारांत 'उमरावती' या नांवानें जो कापूस विके, तो वऱ्हाडचा. त्या मनोऱ्याच्या दगडांत वऱ्हाडच्या शेतकऱ्याचाहि वांटा आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

नागपुरास असें वैभव नव्हतें. पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस यांच्या हातीं आलीं तीं मुख्यतः आधींचींच महाविद्यालयें. तथापि खेड्यांतून आलेल्या मुलाला त्यांतच एक लाभ होता. तो वस्तींत खोली घेई, खानावळींत जेवी, आणि सायंकाळच्या सभा-व्याख्यानांतून जें उचली तें कोणत्याहि अभ्यासक्रमांत नसे. पुढें कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या मृत्युपत्रान्वयें मिळालेल्या देणगींतून तंत्रविद्येची संस्था १९४२ त निघाली, ती अमरावती रस्त्यावर, शहराच्या पश्चिमेस. विद्यापीठाचे विभागहि त्याच दिशेनें गेले, आणि मागोमाग शहरहि गेलें.

पुण्यास १९४९ त विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां त्याला गणेशखिंडींतील गव्हर्नरांचें निवासस्थान व सुमारें ४११ एकर जमीन लाभली. २२ जून १८९७ च्या रात्रीं याच बंगल्यांतील समारंभाहून परततांना रँडवर चाफेकरांनीं गोळी झाडली होती. राज्यकर्त्यांनीं शहरापासून अंतर राखण्यासाठीं निवडलेली जागा विद्येकडे आली, हा कालाचा न्याय खरा. पण त्या जागेबरोबर तें अंतरहि वारशानें आलें. कुलगुरु जयकरांच्या वेळीं पुण्याच्या पेठांतून तेथवर जाणें म्हणजे गांवाबाहेर जाणें होतें. आज तें आवार शहराच्या पोटांत आहे.

अमरावतीचें आवार याहूनहि मोठें, सुमारें ४७० एकरांचें, टेकड्यांच्या पायथ्याशीं. जवळच तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ त कुष्ठरोग्यांसाठीं तेथें वसाहत वसविली, कारण गांवाला तीं माणसें गांवांत नको होतीं. ज्या बाजूस समाजानें आपलें दुःख लोटून दिलें, त्याच बाजूस चार दशकांनीं विद्यापीठ गेलें. मोठी व मोकळी जमीन गांवाबाहेरच मिळते, प्रयोगशाळा व वसतिगृहें यांना ती हवीच; तेव्हां या निवडीला दोष देणें सोपें असलें तरी न्याय्य नाहीं. प्रश्न निराळा आहे. नागपुरांत वस्तींतल्या खोलीवर राहणाऱ्या मुलाला शहर फुकट मिळत होतें. माळरानावरच्या आवारांत तें आपण होऊन येत नाहीं. तेथें वसतिगृहांत जागा नसेल, किंवा संध्याकाळनंतर गांवांत जाण्यास वाहन नसेल, तर गरिबाच्या मुलाला भव्य आवार असून नसून सारखेंच.

अमरावतीच्या विद्यापीठाच्या कक्षेंत वऱ्हाडचे पांच जिल्हे येतात, आणि बहुसंख्य विद्यार्थी तालुक्याच्या गांवींच संलग्न महाविद्यालयांत शिकतात. बोरी अरबचा मुलगा दारव्ह्यास मुंगसाजी महाराज महाविद्यालयांत जाऊन पदवी घेऊं शकतो. पदवीपत्रावर नांव अमरावतीच्या विद्यापीठाचें असतें. अण्यांच्या पदवीपत्रावर कलकत्त्याचें होतें.