घेवडा गट आणि वर्धा जिल्ह्यातील शेंगांची पिके

घेवडा गट (फॅसिओली) हा शिंबावंत कुलाच्या (लेग्युमिनोजी) पलाश उपकुलातील वनस्पतींचा एक मोठा गट होय. मूग, उडीद, मटकी, चवळी, तूर, कुळीथ, वाल, घेवडा व सोयाबीन ही सर्व पिके या गटात येतात. हरभरा, वाटाणा, मसूर, लाख व भुईमूग ही पिकेही पलाश उपकुलातील आहेत. परंतु त्यांचा समावेश अन्य गटांत होतो. या गटाच्या वर्गीकरणात गेल्या अडीच शतकांत वारंवार फेरफार झाले. त्याच गटातील एका वनस्पतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस वर्धा जिल्ह्याच्या शेतीचे स्वरूप पालटले. मूग-उडदाची जागा सोयाबीनने घेतली, म्हणजे एका गणगोताच्या जागी त्याच गोतातील दुसरा सदस्य आला. या बदलाचे काही परिणाम केवळ बाजारभावांवरून समजत नाहीत. ते समजण्यास वनस्पतींचे नाते माहीत असावे लागते.

लक्षणे : या गटातील बहुतेक वनस्पती वेली, सरपटणाऱ्या ओषधी अथवा झुडपे आहेत, काही थोडे वृक्षही आहेत. पाने संयुक्त व बहुधा त्रिदली असतात आणि मधल्या दलाचे देठ बाजूच्या दलांच्या देठांहून लांब असते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण या लक्षणाची उत्तम खूण होय. वर्ध्याच्या माळरानावर सर्वत्र आढळणारा पळस वृक्ष असूनही परंपरागत वर्गीकरणात याच गटात समाविष्ट होता. फुले पतंगरूप असून त्यांत एक मोठी पताका, दोन पंख व दोन पाकळ्या जुळून झालेले नौतल असते. केसरदले दहा, त्यांपैकी नऊ परस्परांस चिकटलेली व एक बहुधा सुटे असते. नौतलाचा बाक, किंजलाची रचना व उपपर्णांची जोडणी यांवरून गटातील प्रजाती वेगळ्या ओळखतात.

जिल्ह्यातील पिके : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, वर्धा, देवळी, हिंगणघाट व समुद्रपूर हे त्याचे आठ तालुके होत. पश्चिमेस व दक्षिणेस वर्धा नदीची सीमा असलेल्या या प्रदेशातील जमीन मुख्यतः दक्षिण ट्रॅपच्या खडकापासून बनलेली काळी आहे. तिची खोली टेकड्यांवर अल्प व नदीखोऱ्यांत जास्त असते. या जमिनीत कापूस व ज्वारी ही दीर्घकाळ प्रमुख पिके होती आणि घेवडा गटातील पिके त्यांच्या सोबतीने घेतली जात. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरण्याची रीत अद्याप आहे. मूग व उडीद सु. ६५ ते ८० दिवसांत तयार होत असल्याने पोळ्याच्या सुमारास शेत मोकळे होऊन रब्बीची पेरणी करता येई. चवळीस विदर्भात बरबटी म्हणतात व वालास पोपट असेही नाव आहे. बरबटीचे वडे, मुगवड्या, हिवाळ्यातील पोपटाचे ओले दाणे व तुरीचे वरण हे पदार्थ या पिकांवर अवलंबून होते. या पिकांचा मोठा भाग घरी खाण्यासाठीच ठेवला जाई व बियाणेही बहुधा घरचेच असे.

वर्गीकरणाचा प्रारंभ : स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये वनस्पतींच्या जातींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या पिकांची विभागणी बाह्य साम्यावरून केलेली होती. मुगाला त्यांनी फॅसिओलस रॅडिएटस हे नाव दिले, चवळी व वाल यांना डॉलिकॉस या प्रजातीत घातले व तुरीला सिटिसस कजान असे संबोधिले. फॅसिओलस हे नाव प्राचीन ग्रीक-लॅटिन परंपरेतून आले असून ते मूळचे जुन्या जगातील चवळीसारख्या शेंगेचे असावे, असे मानतात. अमेरिकेतून सोळाव्या शतकात यूरोपात आलेल्या घेवड्याला ते चिकटले व पुढे तोच या प्रजातीचा नमुना ठरला. ऑग्युस्तीन दे कांदॉल यांनी १८२५ मध्ये अशा प्रजातींचा फॅसिओली हा गट मांडला. इंग्रज शास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी १८३७ मध्ये व नंतर १८६५ मध्ये त्याची पुनर्रचना केली. त्यांच्या मांडणीचा आधार पुढील सुमारे शंभर वर्षे कायम राहिला.

मूग व उडीद यांच्या नावांतील गोंधळ : लिनीअस यांनी १७६७ मध्ये फॅसिओलस मुंगो ही आणखी एक जाती वर्णिली. ‘मुंगो’ हा शब्द उघडच ‘मूग’ या भारतीय नावावरून आला असला, तरी ती वनस्पती उडीद असल्याचे पुढे ठरले. दरम्यान कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी पिवळ्या दाण्याच्या मुगाला फॅसिओलस ऑरियस हे स्वतंत्र नाव दिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. जे. जी. बेकर यांनी १८७६ मध्ये ब्रिटिश भारताच्या वनश्रीवरील हूकर यांच्या ग्रंथात रॅडिएटस हा मुंगोचा केवळ एक प्रकार मानला. यामुळे जुन्या शेतकी अहवालांत व ग्रंथांत एकच लॅटिन नाव कोठे मुगाला, तर कोठे उडदाला लावलेले आढळते. शेतकऱ्याला मात्र या दोन पिकांविषयी कधी संदेह नव्हता. मुगाच्या शेंगा आडव्या पसरलेल्या किंवा खाली झुकलेल्या असतात व त्यांवरील लव आखूड असते. उडदाच्या शेंगा उभ्या व दाट, लांब केसांच्या असतात. मुगाच्या दाण्याची नाभी सपाट, तर उडदाची मधोमध खोलगट असून तिच्या कडा उचललेल्या असतात.

व्हिग्ना प्रजाती : पीसा येथील गाएतानो साव्ही यांनी १८२४ मध्ये व्हिग्ना ही प्रजाती स्थापिली. सतराव्या शतकात तेथेच वनस्पतिविज्ञान शिकविणारे दोमेनिको व्हिन्या यांचे नाव तिला दिलेले आहे. प्रारंभी तिच्यात चवळी व तिच्या निकटच्या जाती होत्या. विसाव्या शतकात सूक्ष्म निरीक्षणांवरून असे दिसून आले की, अमेरिकन घेवड्याचे नौतल स्प्रिंगसारखे एकाहून अधिक वेढ्यांनी गुंडाळलेले असते. मूग व उडीद यांच्यात तसे नसते. त्यांच्या नौतलाला एका बाजूस शिंगासारखा पोकळ उंचवटा असतो व उपपर्णे कडेने न चिकटता मधोमध जोडलेली असतात. परागकणांची जाळीदार नक्षीही निराळी असते. या आधारे विल्चेक यांनी १९५४ मध्ये मूग (व्हिग्ना रॅडिएटा), हेपर यांनी १९५६ मध्ये उडीद (व्हिग्ना मुंगो) व मारेशाल यांनी १९६९ मध्ये मटकी (व्हिग्ना ॲकोनिटिफोलिया) या जाती व्हिग्नात आणल्या. बर्नार्ड व्हर्डकोर्ट यांनी १९७० मध्ये केलेल्या अभ्यासाने व मारेशाल आणि सहकाऱ्यांच्या १९७८ मधील विस्तृत ग्रंथाने हा बदल पक्का झाला. फॅसिओलस हे नाव तेव्हापासून अमेरिकन घेवड्यांपुरते उरले. कुळीथही डॉलिकॉसमधून मॅक्रोटिलोमा या प्रजातीत गेला.

हा केवळ नावांचा बदल नव्हता. मूग व उडीद यांचा संकर करता येतो व त्यातून रोगप्रतिकारासारखे गुण एका पिकातून दुसऱ्यात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. दोहोंना घेवड्याच्या प्रजातीत ठेवल्यामुळे मात्र जी जवळीक सूचित होत होती, ती संकराच्या प्रयोगांत प्रत्ययास आली नाही.

तूर : तुरीच्या पानांच्या खालच्या बाजूस राळेच्या सूक्ष्म ग्रंथींचे ठिपके असतात. हे लक्षण तिला व तिच्या आप्तांना गटात वेगळे करते. तुरीसारख्या रानटी जातींसाठी वाइट व आर्नट यांनी १८३४ मध्ये ॲटिलोसिया ही प्रजाती निर्माण केली होती. बीजावरील मांसल उपांग हे तिचे मुख्य लक्षण होते. फान डर मेसेन यांनी १९८६ मध्ये हा भेद अपुरा ठरवून ती प्रजाती कजानस या तुरीच्या प्रजातीत विलीन केली. रानटी जातींचा तुरीशी संकर होतो, हेही या विलीनीकरणाचे एक कारण होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने कजानस कजानिफोलियस या रानटी जातीच्या पेशीद्रव्याचा उपयोग करून पुं-वंध्य वाण तयार केले. त्यांतून निघालेला संकरित वाण मध्य प्रदेशात २०१० मध्ये प्रसारित झाला.

सोयाबीनचे नामकरण : सोयाबीनचे मूळ पूर्व आशियात, विशेषतः चीनमध्ये आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये एकाच ग्रंथात त्याची फॅसिओलस मॅक्स व डॉलिकॉस सोजा अशी दोन नावे दिली. कॉनराट मंख यांनी १७९४ मध्ये सोजा हिस्पिडा हे नाव सुचविले व पुढे ग्लिसाइन हिस्पिडा हेही प्रचारात आले. अखेर ई. डी. मेरिल यांनी १९१७ मध्ये दिलेले ग्लिसाइन मॅक्स हे नाव मान्य झाले. ग्लिसाइन हे नाव ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले असून ते मुळात गोड कंद असलेल्या एका अमेरिकन वेलीला उद्देशून होते. ती वेल नंतर वेगळ्या प्रजातीत गेली. नाव मात्र सोयाबीनकडे राहिले. मूग, उडीद, चवळी व तूर यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या ११ जोड्या असतात, तर सोयाबीनमध्ये २० असतात. प्राचीन काळी झालेल्या गुणसूत्रांच्या दुपटीमुळे हा भेद निर्माण झाला.

मगनवाडीचे प्रयोग : वर्ध्याचा सोयाबीनशी संबंध व्यापारी लागवडीच्या बराच आधीचा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. संघाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झाले. महात्मा गांधी १९३६ मध्ये सेगावला (नंतरचे सेवाग्राम) जाईपर्यंत मगनवाडीत राहत होते. तेथील भोजनात १९३५ मध्ये सोयाबीनचा प्रयोग करण्यात आला व त्याविषयी हरिजन साप्ताहिकात माहिती येत राहिली. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, हा त्यामागील हेतू होता. सोयाबीनमध्ये सु. ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. मुगात प्रथिने सु. २४ टक्के असतात. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य असल्याने ते नीट शिजवावे लागते व ते शिजण्यास वेळ लागतो. रोजच्या वरण-उसळीत त्याने तूर किंवा मुगाची जागा घेतली नाही.

लागवडीचा प्रसार : १९६० नंतरच्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनचे संशोधन हाती घेतले. अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६७ मध्ये सुरू झाला व इंदूर येथे १९८७ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. मध्य प्रदेशातील लागवड विदर्भात पसरली. जबलपूरचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये प्रसारित झाल्यावर प्रसाराला वेग आला. सुमारे शंभर दिवसांत हाती येणारे, कमी मजुरीचे व तेल कारखान्यांत रोख विकले जाणारे हे पीक वर्ध्याच्या शेतकऱ्याला सोयीचे ठरले. मूग, उडीद व खरीप ज्वारी यांचे क्षेत्र घटले. कापूस, सोयाबीन व तूर ही आज जिल्ह्यातील प्रमुख खरीप पिके आहेत. ज्या धान्याचा वर्ध्यात आहार म्हणून पुरस्कार झाला, ते तेथे तेल व पेंडीचा कच्चा माल म्हणून रुजले. आणि घरच्या शेतातील डाळ अनेक कुटुंबांना विकत घ्यावी लागली.

नात्याचे परिणाम : शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये दाखविले. कोणत्या पिकाला कोणते जंतू चालतात, यावरून फ्रेड, बॉल्डविन व मॅक्कॉय यांनी १९३२ मध्ये पिकांचे गट पाडले. त्यांत मूग, उडीद व चवळी एका गटात, तर सोयाबीन स्वतंत्र गटात होते. म्हणून मुगाला काळ्या जमिनीत आपोआप मिळणारे जंतू सोयाबीनसाठी प्रथम बियाण्यास चोळून द्यावे लागतात. या बाबतीत नाते दूरचे ठरते.

रोगांच्या बाबतीत ते निकटचे ठरते. मुगावरील पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. ही माशी कपाशीवरही राहते. या रोगाचे विषाणू उडीद व सोयाबीन यांनाही ग्रासतात. २०२३ च्या खरिपात वर्ध्यासह नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा तीव्र प्रादुर्भाव होऊन मोठे नुकसान झाले. मूग काढून सोयाबीन पेरल्याने पीक बदलले, तरी विषाणूच्या दृष्टीने आश्रय बदलला नव्हता.

आधुनिक मत : डीएनएच्या अभ्यासावरून फॅसिओली हा पारंपरिक गट एकसंध नसल्याचे दिसून आले आहे. पूर्वी वेगळ्या गटात ठेवलेली बावची वंशवृक्षात सोयाबीनच्या अगदी निकट येते. विदर्भाच्या शेतांत तण म्हणून उगवणारी ही औषधी वनस्पती सोयाबीनला मुगापेक्षाही जवळची आहे. गटाच्या सीमा पुन्हा आखल्या जात असल्या, तरी वर्गीकरणाचे व्यावहारिक मोल कमी होत नाही. पिकांची फेरपालट करताना शेतातील पीक बदलणे पुरेसे नसते, त्याचे कुलही बदलावे लागते. वर्ध्याच्या जुन्या पद्धतीत कपाशी, ज्वारी व शेंगांची पिके ही तीन निरनिराळ्या कुलांतील पिके आलटूनपालटून येत. त्यांपैकी तृणकुलातील ज्वारीचे क्षेत्र घटल्याने ही साखळी तुटली व तिची उणीव घेवडा गटातील कोणत्याही एका पिकाने भरून निघण्यासारखी नाही.