कहाऊची ओळख

एखाद्या प्राण्याची जात नष्ट झाली असें ठरविण्यापूर्वीं त्याची ओळख नीट पटली होती कीं नाहीं, हें पाहणें अगत्याचें असतें. अटलांटिक महासागरांतील बर्म्यूडा बेटांवरचा कहाऊ हा समुद्रपक्षी याचें उत्तम उदाहरण होय.

१६०९ सालीं इंग्रजांचें एक गलबत या बेटांपाशीं फुटलें. त्या वेळीं थंडीच्या अंधाऱ्या रात्रीं हे पक्षी थव्याथव्यानें किनाऱ्यावर उतरत आणि माणसाची आरोळी ऐकून उलट जवळ येत. पुढें दुष्काळांत वसाहतवाल्यांनीं त्यांची बेसुमार कत्तल केली. डुकरें व उंदीर यांनींही हात धुऊन घेतले. सरकारी मनाई झाली ती उशिरा. लौकरच पक्षी दिसेनासा झाला. नांव तेवढें मागें राहिलें.

एकोणिसाव्या शतकांत कांहीं निरीक्षकांनीं हें नांव पिम्लिको या शीअरवॉटर पक्ष्याला दिलें. दोघेही वरून काळसर व खालून पांढरे, दोघेही रात्रीं बिळाकडे परतणारे. परंतु शीअरवॉटरची चोंच बारीक असते आणि तो भराभर पंख हालवीत पाण्यालगत उडतो. कहाऊ हा पेट्रेल. त्याची चोंच आंखूड, जाड व टोंकाशीं वांकडी, आणि वाऱ्यावर तो उंच कमानी घेत जातो. काळ्या टोपीचा पेट्रेल त्याहून फसवा; पण त्याच्या मानेवर पांढरा पट्टा असतो, तो कहाऊला नसतो.

१९०६ मध्यें लुई मोब्रे यांना तेथील एका खडकाच्या कपारींत जिवंत पेट्रेल सांपडला. तो न्यूझीलंडकडील जातीचा वाट चुकलेला पक्षी ठरविण्यांत आला! दहा वर्षांनीं फेरतपासणी होऊन ती जात स्वतंत्र असल्याचें, व तिलाच कहाऊ म्हणावें असें जाहीर झालें. १९३५ मध्यें दीपगृहावर आपटून मेलेलें एक पिलूं मर्फी या पक्षिशास्त्रज्ञानें कहाऊचेंच म्हणून ओळखलें. म्हणजे जात अद्यापि जिवंत होती.

अखेर १९५१ मध्यें मर्फी व मोब्रे यांचे चिरंजीव यांनीं लहानशा खडकाळ बेटांवर तिचीं घरटीं शोधून काढलीं. बरोबर पंधरा वर्षांचा डेव्हिड विंगेट होता. त्यानें पुढें सारें आयुष्य या पक्ष्याला वाहिलें. दुसरा एक मोठा समुद्रपक्षी बिळांत शिरून पिलें मारी. म्हणून कहाऊपुरतेंच भोंक असलेल्या लांकडी चौकटी बिळांच्या तोंडाशीं बसविण्यांत आल्या. तेव्हां जेमतेम अठरा जोड्या होत्या. आज त्या शंभराहून अधिक आहेत. पिम्लिकोलाच कहाऊ समजून सर्वजण स्वस्थ बसले असते, तर या चौकटी कोणासाठीं बसविल्या असत्या?